रिव्हॉल्व्हरवरचा नंबर

१७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये जॉन साँडर्स या पोलीस अधिकाऱ्यावर पहिली गोळी झाडली ती पुणे जिल्ह्यातल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरू यांनी. पाठोपाठ भगतसिंगांनी आपले पिस्तूल रिकामे केले. खटल्यात हे पिस्तूल पुरावा म्हणून आले आणि त्याचा क्रमांक न्यायालयाच्या कागदांत नोंदला गेला: कोल्ट कंपनीचे .३२ बोअरचे ऑटोमॅटिक, नंबर १६८८९६. फाशीनंतर ते पंजाब पोलिसांच्या फिल्लौर येथील प्रशिक्षण केंद्रात गेले, तिथून इतर शस्त्रांबरोबर सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या शस्त्रशाळेत. हे पिस्तूल कोणाचे, हे वाटेत कुठेतरी लोकांच्या स्मरणातून पुसले गेले. गंज चढू नये म्हणून त्याला काळा रंग फासला होता. २०१६-१७ च्या सुमारास जुपिंदरजित सिंग या पत्रकाराने कागदांचा माग काढला, इंदूरमध्ये रंग खरवडून पाहण्यात आले आणि खालचा नंबर खटल्यातल्या नंबराशी जुळला. आज ते पिस्तूल फिरोजपूरजवळ हुसैनीवाला येथे लोकांना पाहायला ठेवले आहे.

जुन्या शस्त्रांच्या संग्रहाचे सगळे शास्त्र या एका घटनेत आहे. त्या कारखान्यातून निघालेली तशी लाखो पिस्तुले जगात होती. पोलादात ठोकलेले सहा अंक आणि एका कागदावर लिहिलेले तेच सहा अंक यांची गाठ पडली म्हणून हे एक पिस्तूल वेगळे ठरले. कागद नसता तर ती एक जुनी वस्तू राहिली असती, आणि रंगाऐवजी कानस चालवली असती तर कागद असूनही काही उपयोग झाला नसता.

अमेरिकेत या शास्त्राला दीडशे वर्षांपूर्वीच्या लष्करी रिव्हॉल्व्हरनी आकार दिला. मिसिसिपीच्या पलीकडच्या मुलखात सैन्य, वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्यात जो दीर्घ आणि रक्तरंजित संघर्ष झाला, त्या काळात घोडदळाच्या कमरेला असलेली ही सहाबारी हत्यारे आज तिथल्या संग्राहकांचा मोठा विषय आहेत. चित्रपटांनी त्यांच्याभोवती बरीच धूळ उडवली आहे. तिच्याखालची खरी गोष्ट कापसाच्या आणि मागाच्या गावात राहणाऱ्याला तर अगदी जवळची वाटेल, कारण तिची एक मुळी कापसातच आहे आणि दुसरी हिंदुस्थानाच्या समुद्रवाटेवर.

सॅम्युअल कोल्ट १८३० मध्ये सोळा वर्षांचा असताना बोस्टनहून ‘कॉर्वो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून निघाला. जहाज चालले होते कलकत्त्याला. या प्रवासात त्याने चाकूने लाकूड कोरून फिरत्या कोठीच्या पिस्तुलाचा नमुना तयार केला. एकच नळी, तिच्यामागे फिरणारी कोठी, कोठीत पाच-सहा घरे, आणि घोडा मागे ओढला की कोठी एक घर पुढे सरकून नळीसमोर घट्ट अडकावी, ही ती कल्पना. जहाजाचे सुकाणू किंवा नांगर ओढण्याचे चक्र फिरताना आणि अडताना पाहून ती सुचली, असे सांगतात. एलिशा कॉलियर या बोस्टनच्या माणसाने लंडनमध्ये केलेली चकमकीची फिरती पिस्तुले त्या वेळी हिंदुस्थानातल्या इंग्रज सैन्यात काहींकडे होती. कोल्टने ती कलकत्त्यात पाहिली असावीत असेही म्हटले जाते, पण त्याला पुरावा मिळालेला नाही. लाकडी नमुना मात्र खरा आहे आणि तो हार्टफर्डच्या संग्रहालयात जपलेला आहे.

२५ फेब्रुवारी १८३६ रोजी कोल्टला अमेरिकेत पेटंट मिळाले. न्यू जर्सीतल्या पॅटर्सनला कारखाना निघाला आणि १८४२ मध्ये बुडालाही. पिस्तूल चांगले असून घेणारे कोणी नव्हते. चित्र पालटले ते टेक्सासमुळे. तिथल्या रेंजर घोडेस्वारांनी १८४४ मध्ये कोमांचे योद्ध्यांशी झालेल्या एका चकमकीत ही पिस्तुले वापरली होती. तोवर गोऱ्या शिपायाने एक बार काढून बंदूक पुन्हा ठासेपर्यंत कोमांचे धनुर्धारी घोड्यावरूनच कितीतरी बाण सोडत असे. पाच बार एकामागोमाग निघू लागले आणि तो समतोल मोडला. हे सांगताना एक गोष्ट विसरता येत नाही: ज्या हत्यारांना आज काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवतात, त्यांनी एका समाजाची भूमी हिरावून घेण्यात मोठा वाटा उचलला. चांगल्या संग्राहकाच्या टिपणांत ही बाजूही लिहिलेली असते.

त्याच चकमकीतला सॅम्युअल वॉकर पुढे मेक्सिकोच्या युद्धात कॅप्टन झाला आणि त्याने सरकारकडून कोल्टला १,००० रिव्हॉल्व्हरचे काम मिळवून दिले. कोल्टपाशी तेव्हा कारखानाच नव्हता. काम करून दिले ते कनेक्टिकटमधल्या व्हिट्नीव्हिलच्या कारखान्याने, म्हणजे एलाय व्हिट्नीच्या मुलाने. हा थोरला व्हिट्नी म्हणजे १७९४ मध्ये सरकी काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेणारा माणूस. त्याच यंत्रामुळे अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस बेसुमार पिकू लागला आणि त्याबरोबर गुलामगिरीही फोफावली. यंत्राच्या पेटंटवर पैसा मिळेना तेव्हा १७९८ मध्ये त्याने सरकारला १०,००० बंदुका बनवून देण्याचा करार केला आणि एका बंदुकीचा भाग दुसरीला चपखल बसेल अशी घडण करण्याचे वचन दिले. त्याच्या बंदुकांचे भाग प्रत्यक्षात तितके अदलाबदल होणारे नव्हते, हे इतिहासकारांनी नंतर दाखवून दिले आहे. पण कल्पना रुजली. कोल्टने १८५५ मध्ये हार्टफर्डला उभारलेल्या कारखान्यात ती यंत्रांवर बरीचशी खरी करून दाखवली, आणि पुढे शिवणयंत्रांपासून सायकलींपर्यंत सगळे त्याच वाटेने गेले.

भिवंडीत वऱ्हाळादेवी तलावाच्या काठच्या आमच्या कामतघरात जुना माग विकत घ्यायचा झाला की जाणता जॉबर आधी सांगाड्यावर ओतलेले कारखान्याचे नाव वाचतो, मग एकेका भागाला हात लावून मूळचा कुठला आणि मागाहून बसवलेला कुठला ते सांगतो. रिव्हॉल्व्हरचा संग्राहक नेमके हेच करतो. फरक इतकाच की मागाचा भाग बदललेला असला तरी कापड निघते; संग्रहातल्या रिव्हॉल्व्हरचा एक भाग बदलला की त्याची कहाणीच बदलते.

वॉकर रिव्हॉल्व्हरचे वजन दोन किलोहून थोडे अधिक. ते कमरेला लावायचे नव्हतेच, खोगिराच्या दोन बाजूंना लटकवायचे होते. लष्कराला दिलेल्या त्या १,००० नगांवर ए, बी, सी, डी, ई अशा तुकड्यांची अक्षरे आणि त्यापुढे नंबर ठोकलेले आहेत. म्हणजे आज एखादे वॉकर हाती आले तर ते कोणत्या तुकडीसाठी निघाले हे पोलादावरच लिहिलेले सापडते. कोठीवर गोलाकार कोरलेले चित्र आहे, टेक्सासच्या घोडेस्वारांच्या त्या लढाईचे. १८५१ च्या ‘नेव्ही’ नमुन्यावर १८४३ च्या कांपेचे येथील आरमारी लढाईचे चित्र आले. ही चित्रे शोभेसाठी होती आणि नकला करणाऱ्यांना अडवण्यासाठीही. संग्राहकाला त्यांचा वेगळाच उपयोग होतो. चित्र उथळ कोरलेले असल्यामुळे चामड्याच्या म्यानात घासून ते सर्वांत आधी झिजते. किती टक्के चित्र उरले आहे यावरून हत्यार किती वापरले गेले याचा अंदाज लागतो. चित्र पुसट आणि नळीवरचा निळा रंग झळझळीत, असे दिसले की तो रंग नंतर चढवला आहे हे उघड होते.

या सुरुवातीच्या रिव्हॉल्व्हरना काडतूस नव्हते. प्रत्येक घरात पुढून दारू घालायची, त्यावर शिशाची गोळी दांडीने दाबून बसवायची, मागच्या बोंडावर तांब्याची टोपी चढवायची. सहा घरे भरायला शांतपणे बसले तरी काही मिनिटे जात. म्हणून जुनी वर्णने वाचताना एक दिसते: घोडेस्वार रिव्हॉल्व्हर पुन्हा भरत बसत नसे, शक्य असेल तर दुसरेच काढत असे. मागून काडतूस घालता येईल अशी आरपार घरांची कोठी रोलिन व्हाइट या माणसाने पेटंट करून ठेवली होती आणि तिचा हक्क स्मिथ अँड वेसन कंपनीकडे होता. ते पेटंट १८६९ मध्ये संपले. म्हणून अमेरिकेचे संपूर्ण यादवी युद्ध, १८६१ ते १८६५, मुख्यतः टोपीच्या रिव्हॉल्व्हरवर लढले गेले: कोल्टचे १८६० चे ‘आर्मी’, जे एकूण सुमारे दोन लाख बनले, आणि त्याच्या तोडीचे रेमिंग्टन.

याच चार वर्षांत मुंबई पैशात न्हाऊन निघाली. दक्षिणेच्या बंदरांना उत्तरेच्या आरमाराने वेढा घातला, लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंद यांचे नाव घरोघर झाले, समुद्र हटवण्याच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळे कोसळले. तिकडच्या रणांगणावर कोल्टचे बार निघत होते आणि इकडे त्याचे पडसाद कापसाच्या वखारींत उमटत होते. हार्टफर्डच्या वस्तूचा आपल्याशी काय संबंध, असे विचारणाऱ्याला मी हे वर्ष दाखवतो.

संग्राहक ज्याच्यासाठी जीव टाकतात ते हत्यार मात्र युद्धानंतरचे, १८७३ चे. कोल्टचे ‘सिंगल अॅक्शन आर्मी’, .४५ कॅलिबर, साडेसात इंचांची नळी, सहा घरे. अमेरिकन सैन्याने अशी सुमारे ३७,००० घेतली. चित्रपटांतल्या प्रत्येक शेरिफच्या कमरेला हेच लटकलेले असते, पण लष्करी नग आणि दुकानात विकलेला नग यांत मोठा भेद आहे. लष्करी नगावर चौकटीच्या डाव्या अंगाला ‘यू. एस.’ अशी अक्षरे असतात. सरकारी तपासनीस कारखान्यात येऊन प्रत्येक हत्यार बघत आणि पसंत पडले की आपल्या आद्याक्षरांचा छोटा शिक्का उमटवत. ऑर्विल एन्सवर्थ, हेन्री नेटलटन, डेव्हिड क्लार्क, रिनाल्डो कार ही या तपासनिसांची नावे संग्राहकांना तोंडपाठ असतात. मुठीच्या अक्रोडाच्या लाकडावर चौकोनात किंवा लंबगोलात तपासनिसाची अक्षरे आणि साल असते. हाताच्या घामाने ते झिजते, म्हणून स्पष्ट शिक्का असलेल्या मुठीला स्वतंत्र किंमत आहे.

एन्सवर्थच्या शिक्क्याचे नग सर्वांत महाग, कारण ते पहिल्या काही हजारांत येतात आणि अमेरिकन सेनाधिकारी कस्टरच्या सातव्या घोडदळाला याच काळातली हत्यारे मिळाली होती. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी कस्टर आणि त्याच्यासोबतच्या तुकड्या पुरत्या कापून काढल्या. मेलेल्या शिपायांची रिव्हॉल्व्हर विजेत्यांनी नेली आणि त्यांतली काही कित्येक वर्षांनी इतरत्र प्रकट झाली. १९८३ मध्ये त्या माळावरचे गवत जळाले आणि पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रे घेऊन तो सारा भाग चाळला. काडतुसाच्या पुंगळीवर घोड्याच्या टोकाची जी खूण उमटते ती प्रत्येक हत्याराची निराळी असते. तिच्यावरून एकच हत्यार माळावर कुठून कुठे सरकले हे त्यांना मांडता आले. पराभवाबद्दलच्या कितीतरी दंतकथा त्या पुंगळ्यांनी खोट्या ठरवल्या, आणि लाकोटा-शायेनांनी पिढ्यान् पिढ्या सांगितलेल्या हकिकतींना बळ दिले.

नंबरांची तपासणी वाटते तितकी सरळ नसते, आणि इथेच नवखा माणूस फसतो. चौकट, चापाची कमान, मुठीची पट्टी, नळी आणि कोठी, या सगळ्यांवर नंबर असतो. ते जुळले की हत्यार मूळ अवस्थेतले. पण १८९० च्या दशकात सैन्याने जुनी कोल्ट परत मागवून त्यांच्या नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या आणि दुरुस्तीत अनेकांचे भाग एकमेकांत मिसळले. फिलिपिन्समधल्या लढायांत नवे .३८ रिव्हॉल्व्हर कुचकामी ठरल्यावर हीच जुनी .४५ पुन्हा शिपायांच्या हाती दिली गेली. या आखूड नळीच्या नगांना संग्राहक ‘आर्टिलरी’ म्हणतात. त्यांतल्या बहुतेकांचे नंबर जुळत नाहीत, आणि ते न जुळणे हाच त्यांच्या अस्सलपणाचा एक पुरावा आहे. कोणी अति हुशारीने सगळे नंबर जुळवून ठेवलेले असले तर जाणकार उलट सावध होतो. मला या विषयात सर्वांत जास्त भावते ते हेच: नीटनेटकेपणा नेहमी खरा नसतो, आणि वस्तूने काय सोसले ते माहीत असल्याशिवाय तिच्यातली विसंगती वाचता येत नाही.

खुणेनंतर कागद. कोल्ट कंपनीच्या जुन्या वह्यांतून एखाद्या नंबराचे रिव्हॉल्व्हर कोणत्या दिवशी, कोणाला पाठवले याचे पत्र आजही मिळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या लष्करी कागदांतून अभ्यासकांनी नंबरांच्या याद्या काढल्या आहेत. शिपाई हत्यार घेऊन पळाला, नदीत पडले, चोरीला गेले, की अधिकारी नंबरासह अहवाल लिहीत. शंभर वर्षांनी तोच रटाळ अहवाल एखाद्या संग्राहकाचे भाग्य उजळतो. कागदाची ताकद पाहायची असेल तर ऑगस्ट २०२१ चा एक लिलाव आठवावा. शेरिफ पॅट गॅरेटने १८८१ मध्ये ज्या कोल्टने बिली द किड या गुन्हेगाराला मारले ते साठ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. ते लष्करी नव्हते आणि विशेष देखणेही नव्हते, पण गॅरेटच्या हातापासून लिलावापर्यंतची साखळी कागदोपत्री अखंड होती.

आता आपल्याकडे वळू. हिंदुस्थानात सरहद्द म्हटले की वायव्येची, आणि तिथे व इतरत्र इंग्रज अधिकारी जी रिव्हॉल्व्हर वापरत ती बहुधा इंग्लंडची: अॅडम्स, ट्रँटर, पुढे वेब्ली. अधिकाऱ्याला पिस्तूल स्वतःच्या पैशाने घ्यावे लागे, त्यामुळे निवड ज्याची त्याची. कोल्टने १८५३ ते १८५६ लंडनलाही कारखाना चालवला होता. तिथल्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हरवर लंडनचा पत्ता आणि इंग्लिश चाचणीचे शिक्के असतात, आणि १८५७ च्या युद्धात काही अधिकाऱ्यांकडे कोल्टच होते. जॉर्ज फॉस्बेरी या हिंदुस्थानात लढलेल्या अधिकाऱ्याने पुढे लंडनमधल्या एका व्याख्यानात एक हकिकत सांगितली होती. नेमबाजीचा अभिमान असलेल्या एका अधिकाऱ्यावर तलवार घेतलेला शिपाई चालून आला. अधिकाऱ्याने कोल्ट नेव्हीच्या गोळ्या त्याच्या छातीत मारल्या, तरी शिपाई थांबला नाही आणि त्याने अधिकाऱ्याला उभा कापला. लहान, हलकी गोळी आरपार जाते पण माणूस अडत नाही, हा त्यातून काढलेला निष्कर्ष. त्यामुळे इंग्रजांनी जाड गोळीची, घोडा हाताने न ओढता नुसत्या चापावर चालणारी अॅडम्सच्या घराण्यातली रिव्हॉल्व्हर पसंत केली. अमेरिकनांना हाच धडा चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी फिलिपिन्समध्ये मिळाला. त्या शिपायाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

मग महाराष्ट्रात जुन्या वाड्यांत अशी हत्यारे का फारशी सापडत नाहीत? कारण ती काढून घेतली गेली. १८५७ मध्येच निःशस्त्रीकरणाचा कायदा आला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात हत्यारे देण्यास नकार देऊन बंड केले आणि ते गाव जाळले गेले. पुढच्या वर्षी नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले, त्यामागे दत्तकाच्या नामंजुरीबरोबर शस्त्रे हिरावली जाण्याचा संतापही होता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे सर्वसामान्य हिंदी माणसाला अशक्य करून टाकले. ज्या देशात तलवारी आणि तोड्याच्या बंदुका गाडीभर गोळा करून मोडल्या गेल्या, तिथे खासगी संग्रहांची परंपरा कशी वाढणार? जे उरले ते संस्थानिकांच्या शस्त्रागारांत, इनामदारांच्या परवान्यावरच्या दुनळ्यांत, आणि कोकणात शेतीराखणीसाठी अजूनही परवान्याने चालणाऱ्या ठासणीच्या बंदुकांत.

वायव्येकडून मात्र एक वेगळाच माल बाजारात आला. खैबरच्या आसपासच्या, विशेषतः दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी कानस आणि हातभाता यांच्या जोरावर वेब्ली आणि इतर हत्यारांच्या हुबेहूब नकला केल्या. त्यांचे कसब थक्क करणारे आहे. पण अक्षरे त्यांना वाचता येत नसत, म्हणून शिक्क्यात इंग्रजी ‘एन’ उलटा पडतो, शब्दातले एखादे अक्षर गळते, किंवा राणी व्हिक्टोरियाच्या मुकुटाखाली १९०१ नंतरचे साल येते, जेव्हा राणी हयातच नव्हती. अशी नकलही जपण्याजोगी आहे, मात्र नकल म्हणूनच.

उरलेल्या अस्सल वस्तूंचे सर्वांत जास्त नुकसान आपण प्रेमाने करतो. खंडेनवमीला घरातली शस्त्रे बाहेर निघतात. चिंच, लिंबू, राख लावून लखलखीत घासली जातात, हळदकुंकू आणि पाणी शिंपडून फुले वाहिली जातात आणि ओलसर कापडात गुंडाळून पुन्हा पेटीत जातात. आम्लाने पोलादाचा वरचा थर निघतो आणि त्याबरोबर शिक्के व नंबर दर वर्षी थोडे थोडे पुसट होतात. पूजा जरूर करावी, ती आपली परंपरा आहे. पण हळदकुंकू पाटावर वाहावे, शस्त्राला पाणी आणि आंबट लागू देऊ नये. काळसर तपकिरी झालेला जुना थर म्हणजे मळ नव्हे, तेच त्याचे कवच आहे. कोरड्या मऊ कापडाने पुसून पातळ तेलाचा हात फिरवणे पुरेसे. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षे ठेवू नये, चामडे ओल धरते आणि त्यातल्या क्षारांनी पितळ हिरवे पडते. भिवंडी-ठाण्याच्या पावसाळी हवेत तर ओल शोषणाऱ्या पुड्या पेटीत हव्याच. नवा रंग किंवा निकेल चढवून घेणे म्हणजे हस्तलिखितावर चुना मारण्यासारखे.

आणि कायदा. ‘जुनी आहे, तिला परवाना कशाला?’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते, आणि ते चुकीचे आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातले ४५ वे कलम जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट देते, पण अट अशी की ते दुरुस्त करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. म्हणजे वय पुरेसे नाही. चालणारे किंवा चालवता येण्याजोगे १८७३ चे कोल्ट भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही. अमेरिकेचा नियम उलट आहे: तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे १८९८ पर्यंत बनलेले हत्यार पुराणवस्तू धरले जाते, म्हणून तिथे हा छंद एवढा फोफावला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे एका व्यक्तीला परवान्यावर जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, पूर्वी तीन होती. वारसाहक्काने आलेली हत्यारेही या मर्यादेत धरली जातात. शिवाय १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे अमेरिकन पद्धतीचा खासगी संग्रह इथे उभा राहणे कठीण आहे, आणि नागरिकाच्या हातात हत्यारे कमी असावीत हे मला स्वतःला योग्यच वाटते. छंद मारावा लागत नाही. नंबर, शिक्के, कागद, पुंगळ्यांवरच्या खुणा यांचा अभ्यास हत्यार मालकीचे नसतानाही करता येतो.

त्यासाठी जागा आहेत. पुण्यात दिनकर केळकरांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ उभारलेले राजा केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा, १८६३ मध्ये सुरू झालेला नागपूरचा अजब बंगला, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, या सगळ्यांत शस्त्रांची दालने आहेत. तलवारींपुढे गर्दी असते आणि बंदुका-पिस्तुलांपुढे कोणी थांबत नाही. बहुतेक पाट्यांवर ‘पिस्तूल, १९ वे शतक’ एवढेच असते: कारखाना नाही, नंबर नाही, कोणाकडून आले ते नाही. माझी संग्रहालयांकडे एकच मागणी आहे. प्रत्येक अग्निशस्त्रावरचे सगळे शिक्के आणि नंबर छायाचित्रासह नोंदवून ती यादी अभ्यासकांना खुली करावी. इंदूरच्या शस्त्रशाळेत एक नंबर वाचला गेला तेव्हा काय हाती लागले ते देशाने पाहिले आहे.

वाचकांना सांगणे इतकेच. जुने घर पाडताना, माळा उतरवताना एखादी ठासणीची बंदूक किंवा गंजलेले रिव्हॉल्व्हर सापडले, तर घोडा ओढू नका, नळीत डोकावू नका. शंभर वर्षे भरून पडलेली काळी दारूही पेट घेऊ शकते. घासू नका. आहे तिथे राहू देऊन सगळ्या बाजूंनी छायाचित्रे घ्या, लगेच जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा आणि जमा करताना पावतीवर नंबर व शिक्क्यांची नोंद करून घ्या. ते कोणाचे होते, कसे आले, याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांना जे आठवते ते तारीख घालून, सहीनिशी लिहून ठेवा आणि त्याची एक प्रत संग्रहालयाला द्या. भंगारवाल्याला मात्र देऊ नका.